रानातला सूक्ष्मदर्शक

वनस्पतिशास्त्रज्ञ वारल्यावर महिन्याभराने त्यांची सहायिका घरी आली. "वहिनी, सरांचा पितळी सूक्ष्मदर्शक मला मिळेल का? रानात आम्ही तोच वापरायचो." वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यात मावणारं ते जुनं यंत्र घेऊन नवरा जन्मभर हिच्यासोबत रानोमाळ हिंडला. घरात कुणाला हात लावू दिला नाही. "आधी दाखव, एवढं काय बघायचात ते!" सहायिकेने वहिनींनी पुढे केलेला डबा उघडून नळी उभी केली, मोरीच्या भिंतीवरच्या शेवाळाचं पान थेंबभर पाण्यात काचेवर ठेवलं आणि आरसा उजेडाकडे वळवला. वहिनी वाकल्या. इवल्याशा पानात हिरव्या मण्यांनी भरलेले कप्पेच कप्पे होते. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. "मोरीतलंच ना हे?" "हो." "म्हणजे घरबसल्या मलाही दाखवू शकले असते ते." सहायिकेने यंत्राकडे हात नेला, तसं वहिनींनी ते आपल्याकडे ओढलं. "पान कसं बदलायचं तेवढं सांग आणि चालती हो."