गरम वारा

खलाशी गनीचं शेवटचं पत्र दूरदेशीच्या गोठलेल्या बंदरातून आलं होतं. 'इथं भर हिवाळ्यात कधीतरी गरम वारा सुटतो, एका रात्रीत बर्फाचं पाणी करून टाकतो. तो सुटला की आमची बोट निघाली म्हणून समज.' तेव्हापासून राजापुरात त्याची बायको मरियम पाचही नमाजांत तो वारा मागत होती.

वारा सुटला. बर्फ वितळला आणि धक्क्यामागं गनी सापडला. बोटीवरच्यांना वाटलं होतं, तो पळून गेला. तो बर्फाच्या वादळात बोटीवरून उतरला त्याच दिवशी गारठून मेला होता. त्याला पाच महिने झाले होते.

मौलवीसाहेबांनी पडवीत बसून बोटीवरून आलेलं हे पत्र वाचून दाखवलं. दाराआड मरियमनं एका हातातल्या बांगड्या उतरवल्या.

"राहू दे, बेटी," ते हळूच म्हणाले. "इद्दत मौतीच्या दिवसापासून धरतात. नवऱ्यामागं बाईनं बसायचे चार महिने दहा दिवस कधीच होऊन गेले."

"त्या दिवसांत मी तो येणार म्हणून हसत होते, मौलवीसाहेब," मरियम म्हणाली आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या काढू लागली.