जड चाप

बंदूक रिकामी आहे याची नोलाने पुन्हा एकदा खात्री केली. मग तिचा दस्ता स्वयंपाकघरातल्या पायपुसण्यावर हलकेच आपटला. आतून 'टक्' असा आवाज आला.

चापाला तिने हातही लावला नव्हता.

ही तिची स्वतःची रायफल, वडिलांनी दिलेली. चाप पहिल्यापासून जड. गेला आठवडाभर हॉलिस ती घेऊन गॅरेजमध्ये आतून कडी लावून बसत होता. विचारलं तर म्हणायचा, "साफसफाई करतोय." हॉलिस आणि साफसफाई! इतक्या वर्षांच्या संसारात या नवऱ्याने स्वतःचा कॉफीचा मगसुद्धा कधी विसळला नव्हता.

आणि आता धक्क्याने सुटणारी बंदूक तो बायकोच्या हातात देणार होता. शनिवारपासून एल्क हरणांची शिकार सुरू होत होती. कुंपण ओलांडताना गोळी सुटली, तर सगळे अपघातच म्हणणार. खोऱ्यात असं एकदा झालंही होतं.

गेल्या हंगामापासून हॉलिस गप्प गप्पच असे. तेव्हा समोर एल्क उभा असताना नोलाने गोळी झाडली नव्हती. "वारा फिरला," असं तिने त्याला सांगितलं होतं. खरं कारण तिने पोटातच ठेवलं.

हॉलिस कामावर गेल्यावर तिने गाडी काढली आणि एमेटचं दुकान गाठलं. बंदुका दुरुस्त करण्यात एमेटची हयात गेली होती.

"कुणाचे हे उद्योग?" आत डोकावून त्याने विचारलं.

"माझेच."

"चाप हलका करायला कानस फिरवलीस होय? अगं पोरी, जीव जाईल एखाद्याचा!"

"होती तशी करून दे, एमेटकाका."

"इतका जड कशाला? मधलं काहीतरी करतो. हलकाही होईल आणि धोकाही नाही."

"नको. होता तेवढाच जड हवा. थोडा जास्त झाला तरी चालेल."

एमेटने जुन्या बंदुकीचा सुटा भाग शोधून बसवला. "आता चांगला जोर लावल्याशिवाय सुटायची नाही. ओढून बघ."

नोलाने त्याच्याकडे पाठ केली, हातमोजा न काढताच दोन बोटं घातली आणि दात आवळून चाप ओढला. "झकास," ती म्हणाली.

हॉलिस घरी येण्याआधी बंदूक जागेवर होती.

शनिवारी उजाडताना डोंगरावर बर्फ भुरभुरत होतं. "गोळी आत भरूनच ठेव," हॉलिस म्हणाला.

"जनावर दिसेपर्यंत आपण कधी भरतो?"

"यंदा अस्वलं फार खाली उतरलीत. ऐक माझं, म्हातारे. आणि पुढे तू चाल."

ती गोळी भरून पुढे चालली. मागे त्याच्या बुटांखाली बर्फ करकरत होतं आणि तिच्या मानेवर काटा येत होता. तारेच्या कुंपणाशी तो म्हणाला, "जपून हं." नोलाने नळी आभाळाकडे धरली आणि मुद्दामच दस्ता खांबावर आपटू दिला. काही झालं नाही. फसलास बेट्या, ती मनात म्हणाली.

दुपारी हॉलिसने एल्क पाडला. आपली बंदूक झाडाला टेकवून तो सुरी घेऊन बसला आणि जनावराची आतडी काढू लागला. नोला जरा लांबच उभी राहिली. त्याची पाठ दिसत होती तोवर तिला बरं वाटत होतं.

रक्ताच्या वासावर अस्वल झुडपांतून कधी आलं, दोघांनाही कळलं नाही. हॉलिस झाडाकडे वळेपर्यंत ते त्याच्या अंगावर होतं.

नोलाने हातमोजा दाताने ओढून फेकला. नेम धरला. चाप ओढला. सुजलेलं बोट थंडीने लाकूड झालं होतं. चाप जागचा हलला नाही. तिने दुसरं बोट घातलं आणि जीव खाऊन ओढलं. ती किंचाळली, रडली, पुन्हा ओढलं.

"जोर लावू नकोस, नोला!" अस्वलाखालून हॉलिस ओरडला. "नुसतं बोट टेकव गं! तुझी बोटं दुखतात ना, म्हणून हलका करून ठेवलाय मी!"