मधात

दोन्ही तऱ्हेची कपलिंगं तुळशीरामानं पाटावर मांडली आणि सुनेला हाक मारली.

"शोभा, इकडे ये. कोनतं लावू, सांग."

पाटावर मालगाडीचे सहा डबे उभे होते, वीत-वीत लांबीचे. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांतून गुणवंतानं, त्याच्या मुलानं, दोन वर्षं खपून ते केले होते. चाकं, बफर, दारांच्या कड्या, एवढंच काय, डब्यांवरचे नंबरसुद्धा खऱ्यासारखे. राहिली होती फक्त डबे जोडणारी कपलिंगं. उद्या गुणवंताला जाऊन वर्ष होणार होतं, घरी भंतेजी येणार होते, आणि फोटोपुढं अर्धवट गाडी ठेवायला तुळशीराम तयार नव्हता. म्हातारा हट्टीच. रेल्वेत तीस वर्षं डबे दुरुस्त केलेले. कपलिंगं बनवायला त्याला आठवडा पुरला. निवडायला मात्र पुरेना.

एक कपलिंग जुनं, हुक आणि त्यात अडकवायची पेचाची साखळी. दुसरं नव्या डब्यांना येऊ लागलेलं, डबा डब्याला टेकला की आपोआप अडकणारं.

शोभा पदराला हात पुसत आली. "ह्या डब्यायले खरं कोनतं असते, मामाजी?"

"असते तं हुकाचं." तुळशीरामानं चष्मा काढून पुसला. "पन मी म्हनतो, नवं लावू. खट्टकन लागते. कोनाले मधात जा लागत नाही."

यार्डात 'मधात' हा नुसता शब्द नव्हता. साखळी लावायला दोन डब्यांच्या मध्ये शिरणारा माणूस आधी "मधात!" म्हणून ओरडायचा आणि निघाला की "बाहेर!" म्हणायचा. तोवर इंजिन हलायचं नाही. लहानपणी गुणवंता अंगणात दोन खाटांच्या मध्ये शिरून हाच खेळ खेळायचा, आणि बापाला त्याचं केवढं कौतुक! पुढे नोकरीला चिकटवलं तेही बापानंच. त्या दिवशी गुणवंताचं "मधात" यार्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. "बाहेर" कोणीच ऐकलं नाही. इंजिन त्याआधीच हललं.

शोभानं नवं कपलिंग उचलून पाहिलं. दोन तुकडे एकमेकांना टेकवले. खट्ट झालं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पन त्यायच्या गाडीचं नाही हे."

"अवं, हुकाचं लावलं तं मले पाहवनार नाही त्या गाडीकडे."

"मले तरी कुठं पाहवते? पन खोटं लावलं तं ते हासतील. म्हनतील, बाबा इतके वर्षं रेल्वेत राहिले अन् हुक विसरले."

तुळशीरामाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्यानं नवी कपलिंगं डबीत टाकली आणि हुक बसवायला घेतले. दुपारपर्यंत सगळ्या डब्यांना हुक लागले. आता पहिल्या डब्याची साखळी दुसऱ्याच्या हुकात घालायची होती. ते काही त्याच्यानं होईना. साखळी चिमटीत धरून तो नुसताच बसून राहिला.

"काय करून राहिले, मामाजी?"

शोभानं साखळी त्याच्या हातातून घेतली आणि बोटं दोन डब्यांच्या मध्ये घातली.

"मधात," ती म्हणाली.

तुळशीरामानं झटकन दोन्ही डबे दोन्ही हातांनी धरले. साखळी हुकात बसली. शोभानं पेच आवळला, बोटं काढली आणि त्याच्यासमोर उघडून दाखवली.

"बाहेर, मामाजी."

तरी तुळशीरामानं डबे सोडले नाहीत.