सतरा नंबरची गाडी

स्क्रीनवर चाळीस ठिपके, आणि चाळीसही हिरवे! मे महिना, भर दुपारचे तीन, रायपूरचं शेहेचाळीस डिग्री ऊन. इरावतीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. ती मात्र आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती.

एक ठिपका म्हणजे एक ई-रिक्षा. बॅटरी पंचावन्न डिग्रीवर तापली की ठिपका लाल होतो आणि गाडी आपोआप थांबते. हा नियम इरावतीनंच घातलेला. थांबवायचं काम सेन्सरचं. ती फक्त बघू शकते. मागच्या आठवड्यात पंडरीच्या चौकात गाड्या पटापट बंद पडल्या आणि चालकांनी तिचा भर रस्त्यात उद्धार केला. कंपनीच्या शेखर साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारपासून एकही गाडी थांबली तर तुमचं काम बंद. आणि सोमवारपासून काय चमत्कार झाला कोण जाणे! ऊन वाढलं नि बॅटऱ्या थंड झाल्या.

फक्त तिचं गणित ऐकेना. गाडीनं किती वीज खेचली, किती ओझं वाहिलं, यावरून ते बॅटरीच्या आतली उष्णता काढायचं. सेन्सर म्हणे अठ्ठेचाळीस, गणित म्हणे सत्तर. सत्तरच्या पुढे बॅटरीची पेटी कधी पेट घेईल, नेम नाही.

"गणित चुकलंय तुमचं," साहेब म्हणाले. "सेन्सरशी जुळवा आणि मोकळ्या व्हा."

तिनं आकडे बदलायला घेतलेसुद्धा. मग उठली, डोक्यावर ओढणी घेतली आणि तडक पंडरीचा स्टँड गाठला.

"दीदी, बुखार में माथे पर पट्टी रखते हैं न? बस, वही," म्हणत भैय्यालालनं हसत आपल्या रिक्षाची सीट उचलली. बॅटरीच्या पेटीवर बाहेरून चिकटवलेल्या सेन्सरवर ओल्या गमछ्याची घडी होती. घडी गार होती. शेजारी पेटीला हात लावला तर चटका बसला.

"सब यही करते हैं. काकाजी ने सिखाया. बोले, बिटिया की नौकरी का सवाल है."

काकाजी म्हणजे तिचे वडील, नीलकंठराव. रेल्वेतून रिटायर झालेले, रोज तात्यापाऱ्यातल्या घरून याच गाड्यांनी भाजीला येणारे. लेकीला पडलेल्या शिव्या त्यांनी इथंच ऐकल्या असणार. आणि घरी एका शब्दानं बोलले नाहीत! रागवावं की रडावं, तिला कळेना. तिनं फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"सतरा नंबरच्या गाडीत. आत्ताच बंद पडली ना इथं."

तिनं मोबाइलवर पाहिलं. सतरा लाल. घडी वाळली असणार. देवा, वाचवलंस रे! तिच्या जिवात जीव आला. "बाबा, आधी उतरा. लांब जाऊन उभे राहा."

"काहून घाबरून राहिली तू? तुले कोणी बोल लावू नये, पाहतो मी. पाण्याची बाटली आहे माझ्याजवळ. पट्टी ओली करून राहिलो. थांब, फोन ठेवतो, दोन्ही हात लागतात."

"बाबा, नको! बाबा!"

फोन कटला. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. घंटी नुसती वाजत होती, आणि सतरा नंबरचा ठिपका तिच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला.