सहा शिलाई मशिनी

पंचफुलाबाईनं अरुणकुमारची वही घेतली, उलटी धरली, दोन पानं चाळली आणि परत दिली.

"छान लिहिलं हाये. काय लिहिलं?"

अरुणकुमारला हसावं की रडावं ते कळेना. वहीत त्यानं हातमोज्यांच्या कारखान्याचा सगळा बेत मांडला होता. सहा शिलाई मशिनी, तीन मापं. भिलाईत पोलाद कारखान्याच्या बांधकामावर वीस हजार मजूर, म्हणजे चाळीस हजार हात. मशिनींचा एजंट दुर्ग स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये वाट बघत बसला होता. सहाच्या आत सही करायची आणि वडिलांचा रेल्वेतला सगळा फंड त्याच्या हवाली करायचा. उद्या तो एजंट कलकत्त्याला जाणार होता.

वडील, दौलतराव, सकाळी एवढंच म्हणाले होते, "पयले त्या मोजेवाल्या बाईले भेटून ये. मंग कर काय करायचं ते." बापानं पोटाला चिमटा घेऊन जमवलेला पैसा. नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून तो बांधकामाच्या फाटकासमोर, पंचफुलाबाईच्या गाठोड्याशेजारी उभा होता.

हिच्याकडून शिकायचं काय, हे मात्र त्याला उमगत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ही बाई डोक्यावर गिट्टीचं टोपलं वाहत होती. आज तिच्या हाताखाली चौदा बाया शिवत होत्या आणि ठेकेदार आपणहून मोज्यांसाठी माणसं पाठवत होते. तिच्याकडे ना मशीन, ना दुकानाची पाटी. जुन्या तंबूचं कापड, फाटक्या बुटांचं कातडं आणि सुई. बरं, चारचौघांसारखे मोजे जोडीनं विकावेत, तर तेही नाही.

"बाई, एकच मोजा कोण घेते?"

"ज्याचा एकच फाटते तो."

पाचचा भोंगा झाला. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर आला. पंचफुलाबाई पदर खोचून त्याच्या वाटेतच उभी राहिली.

"हात!"

पंजाबी, तेलुगू, उडिया. कुणाची भाषा तिला येत नव्हती, पण एवढा शब्द सगळ्यांना पाठ झाला होता. मास्तरांना नखं दाखवावीत तसे दांडगे गडी हात पुढे करत होते. ती एकेक तळवा उलटा-सुलटा करून बघत होती, दाबत होती, एखाद्याला मोजे नीट घालत नाही म्हणून दटावत होती.

"हा सळई वाकवते," ती अरुणकुमारला म्हणाली. "याचा अंगठ्याच्या बुडाशी फाटते. तिथं डबल कातडं लागते. अन हा लोखंड कापते, कटिंगवाला. ठिणग्या सगळ्या डाव्यावर. उजवा मोजा नवाच्या नवा रायते. त्याले जोडी विकली तर आपण लबाडी केली, नाई का?"

मग तिनं सुशीलेला धरलं. सुशीला विटा झेलणारी रेजा, म्हणजे मजूर बाई. तिच्या बोटांच्या टोकांवर कातडी म्हणून राहिली नव्हती. पंचफुलाबाईनं गाठोड्यातून टोपणाएवढ्या पाच टोप्या काढल्या आणि एकेक करून तिच्या बोटांवर चढवल्या.

"हिले मोजा चालत नाई. हातातून वीट सुटते."

अरुणकुमारच्या वहीत मोठं, मधलं आणि लहान अशी तीनच मापं होती. त्याचे कान तापले.

"हे सगळं तुम्ही कुणाकडून लिहून घेता, बाई?"

"लिहू कायले? उद्या येतातच ना हे."

"मंग माझ्यासारख्यानं सुरुवात कुठून करावी?" त्यानं शेवटी सरळच विचारलं.

"मले कावून ईचारून राहिला? मोजे का मी घालतो? त्याईले ईचार." मग तिचा आवाज मऊ झाला. "तुझी वही खोटी नाई, बाबू. पण तिच्यात चाळीस हजार हात हायेत म्हणतं. त्यातला एक तरी धरून पाह्यला काय?"

रस्त्यापलीकडे दुर्गची बस घरघरायला लागली. कंडक्टरनं आरोळी दिली. यानंतरची बस सातला होती.

"जा बरं, चालली तुझी बस," पंचफुलाबाई म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. तिला खरंच त्याला अडवायचं नव्हतं.

अरुणकुमार चार पावलं बसकडे गेला. थांबला. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्यापुढे त्यानं संकोचून हात पसरला.

"हात," तो म्हणाला. शब्द त्याच्याच कानाला परका वाटला.

म्हातारा जवळच्या खेड्यातला, केवलराम. डांबराच्या कढईवर काम करायचा. त्यानं तळहात धोतराला पुसला आणि अगदी आदरानं पुढे केला. कोऱ्या सदऱ्यातला, वहीवाला माणूस. कुणी मोठा ज्योतिषीच असणार, असं त्याला वाटलं.

"नौकरी पक्का होही का, महाराज?" त्यानं हळूच विचारलं. भट्टी बांधून झाली की आपल्याला ठेवतील की घालवतील, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

पाठीमागे बस सुटली, धुळीचा लोट अंगावर आला. त्यानं वही काखेत मारली आणि तो खरखरीत हात दोन्ही हातांत धरला.

"वो मैं नहीं बता सकता, बाबा. ये जला कहाँ-कहाँ है, वो बताओ."

केवलराम दुसऱ्या हातानं आपल्या सदऱ्याची बाही वर सारायला लागला. मनगट गेलं, कोपर आलं, तरी डाग संपेनात.