डाव्या हाताचा चहा

रिसालतखालाने चहाचा प्याला डाव्या हाताने पुढे केला आणि होसियतला शंका आली.

तशी होसियतला शंका यायला फार काही लागत नसे. उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या सर्जरी वॉर्डात बावीस वर्षं काढलेली नर्स ती; पेशंट 'बरं वाटतंय' म्हणाला की ती आधी त्याची जीभ बघे. पण सत्तरी गाठलेल्या या पेशंट बाईने जन्मात कुणाला डाव्या हाताने चहा दिला नसेल, आणि आज नेमकं घरी जायच्या सकाळीच?

"उजव्या हाताला काय झालं, खाला?"

"झोपेत अवघडलाय. घे, गार होतोय."

प्याला घेता घेता होसियतने तिचं मनगट धरलं. नाडी एकशे सोळा. तक्त्यावर मात्र ताप नाही, ऑपरेशननंतरच्या चार दिवसांत एकदाही नाही. तिने स्वतः थर्मामीटर लावला आणि दहा मिनिटं खालाचा दंड धरून बसली. छत्तीस पूर्णांक सहा. थर्मामीटर खरं बोलत होता, नाडीही खरं बोलत होती. मग खोटं कोण बोलतंय?

तिचा संशय गेला सुनेवर. नफोसात सकाळपासून सामान बांधायच्या घाईत होती. सासूला काय काय दिलंस, असं होसियतने विचारताच ती उसळली. "विष घालते असं म्हणायचंय का तुम्हाला, आपा?" म्हणत तिने सगळी पिशवी पलंगावर उपडी केली. कंगवा, ओढणी, मूठभर जर्दाळू. बाकी काही नाही. होसियत ओशाळली, पण हटली नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं.

सोबिरोव डॉक्टर वयाने तिच्या मुलाएवढे. घरी सोडायच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन उघडलंच होतं.

"ताप नाही, टाके कोरडे. आणि तुम्ही मला प्याला कुठल्या हातात होता ते सांगताय, आपा?"

"हो. पित्ताशय काढल्यावर आत काही साचलं की उजवा खांदा दुखतो, हे तुम्हीच शिकून आलात ना? एकदा पोट दाबून बघा."

त्यांनी उजव्या बरगडीखाली दाबलं. खाला हसली. दुखत नाही, लेकरा, म्हणाली. डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, होसियत पायांकडे. लोकरीच्या मोज्यांत बोटं आवळली गेली आणि मोज्यात काहीतरी चुरचुरलं.

होसियतने मोजा ओढून काढला. आत तापाच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं, घडी घालून ठेवलेली.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. या वेळी पायांकडे बघत त्यांनी पोट पुन्हा दाबलं आणि सोनोग्राफीला न्यायला सांगितलं. आत पित्त साचलं होतं. तासाभरात पुन्हा पोट उघडावं लागणार होतं.

गोळ्या घरूनच आणल्या होत्या, खालाने सांगून टाकलं. आज संध्याकाळी तिचा मुलगा मुरोद सात वर्षांनी रशियाहून येत होता. जाताना त्याने एक घास तोडलेली रोटी घरी खुंटीला टांगलेली होती. जाणाऱ्याने घास तोडून ठेवलेली रोटी त्याला परत आणते, अशी तिकडची रीत; तो परतला की ती आईनेच उतरवायची आणि त्यानेच संपवायची. होसियतला तिचा भयंकर राग आला, आणि आपणही हेच केलं असतं हेही कळलं.

"नफोसात, पिशवी उचल," खाला म्हणाली. मग तिने होसियतकडे रोखून पाहिलं. "एकदा आत नेलंत. आता परत नेताय. बाहेर आणाल कशावरून?"

उशाशी सकाळची रोटी फडक्यात गुंडाळलेली होती. ती होसियतने काढली आणि खालाच्या तोंडासमोर धरली.

"दात लावा. पण गिळायचं नाही. ऑपरेशन आहे."

खालाने दातांनी घास तोडला.

होसियतने तिच्या हनुवटीखाली तळहात धरला. घास त्यात पडला. "आ करा," ती म्हणाली. "जीभ वर घ्या." बावीस वर्षांची सवय होती, तिने नीट वाकून बघितलं. मग तो घास आणि रोटी एकाच फडक्यात बांधून तिने ते गाठोडं सलाइनच्या दांडीला टांगलं.

स्ट्रेचर वॉर्डाच्या दारापर्यंत गेलं तेव्हा खालाने मान उचलली.

"होसियत, त्या रोटीवर लक्ष ठेव," ती म्हणाली. "मुरोद मागेल. त्यालासुद्धा देऊ नकोस."