कलम एकशे सत्तावीस

"मिस आयडेला, पुन्हा?" हॉलिसने गाडीची काच खाली केली.

"पुन्हा," म्हातारी न थांबता म्हणाली. तिच्या पँटच्या मागच्या खिशात व्हॅनिलाचा कोन खोचलेला होता आणि त्याचे ओघळ गुडघ्यापर्यंत पोचले होते.

रविवारचं चर्च नुकतंच सुटलं होतं. राज्याच्या कायद्यानुसार मागच्या खिशात आइस्क्रीम ठेवून चालायला मनाई होती. सव्वाशे वर्षांत हा कायदा कोणी मोडला नव्हता, कारण तशी इच्छाच कोणाला झाली नव्हती. आयडेला स्टर्गिल एकाहत्तराव्या वर्षी तो सलग चौदाव्या रविवारी मोडत होती, आणि डेप्युटी शेरीफ असल्याची शिक्षा हॉलिस भोगत होता.

तो उतरून तिच्या बरोबरीने चालू लागला. मागच्या वेळी त्याने कोन जप्त केला होता. सोमवारी शेरीफने पुरावा मागितला, तेव्हा पिशवीत डाग तेवढा उरला होता.

"तुम्हाला साखरेचा आजार. आइस्क्रीम खातही नाही तुम्ही."

"खाते कुठे? घालते."

रस्ता रॉयसच्या कुरणावरून जात होता. कुंपणापलीकडून तांबूस घोडी मान पुढे काढून आयडेलाच्या चालीने चालत आली. दर रविवारी येई. हॉलिसने नजर वळवली. मुक्या जनावरालाही आठवण असते.

घोडी आयडेलाच्या नवऱ्याची, अर्लची. जुबिली तिचं नाव. आयडेलानेच बाटलीने दूध पाजून वाढवलेली. अर्ल वारला आणि कागदांवर पुतण्याचं नाव निघालं. पुतण्या रॉयस, विधानसभेतला सभासद. तो घोडी घेऊन गेला. आयडेलाने दोनदा फाटक उघडून ती परत आणली, तेव्हा त्याने कोर्टातून हुकूम आणला: तिने घोडीला, दोरीला किंवा फाटकाला हात लावला तर तुरुंग. "हात लावणार नाही," आयडेला न्यायाधीशांना म्हणाली होती, "पण घोडी माझीच आहे." आता रॉयसने टेक्सासचं गिऱ्हाईक गाठलं होतं.

कोर्टाच्या हुकमानंतरच्याच रविवारी हे आइस्क्रीम सुरू झालं. हॉलिसला त्याचं नवल वाटलं नाही. घोडीपायी आलेला राग सरकारवर काढणारी माणसं त्याने पाहिली होती.

"कायदा खुळा आहे, मान्य," तो म्हणाला. "पण केला कशासाठी असेल? पास्टर म्हणतात, सब्बाथला, देवाच्या वारी, चैन नको म्हणून. तुम्ही तीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्यात होतात, तुम्हाला ठाऊक असेल."

"पुरुषांनी केलाय, बाळा. त्यांना कारण लागतं होय?"

"मग सोडून द्या ना."

"मी का सोडू? त्यांनी सोडावा. माझा खिसा, माझं बूड. मधे सरकार कुठून आलं?"

तिच्या अंगणात पोचले, तर पायरीवर एक अनोळखी कोंबडी बसलेली.

"ही कोणाची?"

"काल आली. आता माझी. आपल्या पायाने आलेलं आपलं, हे तुझ्या आजीने शिकवलं नाही का तुला?"

हॉलिस हसला. त्याच्या घरचा कुत्राही असाच आलेला होता.

मग कोणीतरी फोटो काढला, तो लुइव्हिलच्या पेपरात आला आणि म्हातारी राज्यभर गाजली. रॉयस आधी संतापला. मग त्याला निवडणूक आठवली. राज्यातले सगळे खुळे कायदे रद्द करायचं विधेयक त्याने स्वतः आणलं. सभागृहात कलम एकशे सत्तावीस वाचायला सुरुवात झाली आणि "आइस्क्रीम" शब्दाला असा हशा पिकला, की पुढचं कोणी ऐकलं नाही. ते एकमताने रद्द झालं.

शनिवारी दुपारी कोर्टासमोरच्या चौकात समारंभ ठेवला होता. रॉयस जुबिलीवर बसून आला. सोमवारी तिला न्यायला टेक्सासचा ट्रेलर येणार होता. त्याआधी फोटो हवे होते. उतरून त्याने लगाम जमिनीवर टाकला. अर्लने शिकवल्याप्रमाणे घोडी आहे तिथे उभी राहिली.

"आयडेलाकाकू, हे तुमच्यासाठी!" रॉयसने सहीचा कागद उंच धरला.

"लागू कधीपासून?"

"या मिनिटापासून!"

"म्हणजे आता मी खिशात काहीही घालून चालले तरी..."

"तुमच्यामागे कोणी येणार नाही!" रॉयस म्हणाला. लोक हसले.

आयडेलाने आइस्क्रीमच्या गाडीवरून कोन घेतला, खिशात खोचला आणि टाळ्यांच्या गजरात घराची वाट धरली. वाट घोडीसमोरूनच जात होती.

जुबिलीने मान उचलली. नाक फेंदारलं. मग लगाम जमिनीवरून ओढत ती आयडेलामागे निघाली.

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या वाढल्या. रॉयसने शीळ घातली, हाका मारल्या. घोडीने कानही हलवला नाही. हॉलिस धावत पोचला तेव्हा आयडेलाच्या घराचं फाटक सताड उघडं होतं, आणि जुबिली अंगणात उभी राहून म्हातारीचा खिसा चाटत होती. आयडेलाचे दोन्ही हात छातीशी घडी घातलेले होते.

"मी हात लावला का, हॉलिस?"

"नाही, मॅम."

"दोरी?"

"नाही, मॅम."

"हिला अटक कर!" मागून रॉयस धापा टाकत ओरडला. "चोरी आहे ही!"

"कोणत्या कलमाखाली, ते बघून येतो," हॉलिस म्हणाला.

दप्तरखान्यात कायद्याचा मूळ ग्रंथ काढायला त्याला शिडी लागली. वरच्या सगळ्या ग्रंथांवर बोटभर धूळ होती. या एकावर नव्हती. त्याने पान उघडलं.

कलम १२६. जे जनावर कोणी हात न लावता, दोरी न बांधता, आपल्या पायाने एखाद्याच्या अंगणात येईल, ते त्या अंगणवाल्याच्या मालकीचे होईल.

त्याखालच्या कलमावर ताजी लाल रेघ होती, शेजारी रॉयसची सही.

कलम १२७. मागच्या खिशात आइस्क्रीम ठेवून चालण्यास मनाई आहे. अशा खिशामागून आलेल्या घोड्यास वरील कलम लागू होणार नाही.